साडेतीनशे बॉक्स फायली, गुंडाळलेले अमोनिया प्रिंट आणि "पेपरलेस व्हा"चा हुकूम: सुरुवात कुठून करावी?

कुपवाडी_गेज
राम राम मंडळी. कुपवाड एमआयडीसीतलं मध्यम आकाराचं मशीन शॉप, शेजारी छोटी फाउंड्री. कागद म्हणजे जॉब कार्ड, इन्स्पेक्शन रिपोर्ट, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, कॅलिब्रेशनचे दाखले, आणि कपाटावर गुंडाळून ठेवलेले जुने अमोनिया प्रिंट (निळ्या रेषांच्या ड्रॉइंगच्या प्रती). सगळं मिळून साडेतीनशे बॉक्स फायली. वरून आदेश आलाय, सगळं स्कॅन करा. एजन्सी पानामागे दर सांगते, पण पानं किती हे कुणालाच माहीत नाही. शिवाय डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळा माल चालवून घेणं) आणि ड्रॉइंग बदलाच्या मंजुऱ्याही कॉम्प्युटरवर आणायच्यात.
मला तीन गोष्टी विचारायच्यात. पानांचा अंदाज कसा काढायचा? स्कॅन कुठल्या सेटिंगला करायचं? आणि मंजुऱ्या आधी की स्कॅनिंग आधी?

भडंग_स्पेशल
चौथी गोष्ट राहिली. रिकामी कपाटं कुणाला मिळणार?

लेथमास्तर
पानं मोजू नका, तोला. स्टोअरमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा असेलच. ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. कागद ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) असेल तर एक पान ४.७ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे किलोला साधारण २१३ पानं. डोळे मिटून दहा फायली उचला, कागद बाहेर काढून तोला (फाइलचा पुठ्ठा आणि क्लिप वगळून). दहा फायलींचा कागद २० किलो भरला तर फाइलमागे सव्वाचारशे पानं, साडेतीनशे फायलींची दीड लाखाच्या घरात.
हा पानांचा आकडा झाला, बाजूंचा नाही. एजन्सी बहुतेक वेळा बाजूमागे पैसे लावते. दर ठरवताना 'इमेज' की 'शीट' हे लिहून घ्या, नाहीतर बिल दुप्पट होऊन येतं.

रिव्हिजन_शून्य
तोलण्याआधी निवडा. बॉक्स फायलीतला बराच कागद मुळात कॉम्प्युटरमधूनच छापून निघालेला असतो. ग्राहकाने मेलवर पाठवलेलं ड्रॉइंग, ईआरपीतून (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमधून) काढलेली पीओ (खरेदी ऑर्डर), पुरवठादाराने पीडीएफमध्ये दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट. छापलेलं परत स्कॅन करणं म्हणजे दह्याचं परत दूध करायला जाणं. मूळ पीडीएफ शोधा, तिच्यात अक्षरं शोधता येतात आणि रेषाही धारदार असतात. स्कॅन फक्त अशा कागदाचं करा ज्यावर हाताने काहीतरी लिहिलंय किंवा ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

कृष्णाकाठ
+१. पण "दुसरी प्रत कुठेच नाही" यात घाई करा. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवून बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर रेकॉर्ड असेल तर आधी ते वरच्या मजल्यावर न्या, मग स्कॅनरच्या कोटेशनचं बघू.

भडंग_स्पेशल
भिजलेल्या फायली तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ठेवता येतील की.

कृष्णाकाठ
हसण्यावारी नेऊ नका, कल्पना अर्धी बरोबर आहे. ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमत नसेल तर गोठवून ठेवायचं आणि मग सवडीने थोडं थोडं काढून वाळवायचं. पण बेदाण्याचं स्टोरेज गोठणबिंदूच्या वर चालतं, तिथे बुरशी मंदावेल, थांबणार नाही. गोठवायला उणे १८ अंशांच्या आसपासचा डीप फ्रीझर लागतो. आणि चिकटलेली ओली पानं ओढून सुटी करू नका, शाईसकट पापुद्रा निघतो. गठ्ठा तसाच पिशवीत घालून गोठवायचा.

पिक्सेलराव
सेटिंगबद्दल. साध्या ए-फोरला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रे म्हणजे करड्या छटांत. "काळं-पांढरं केलं की फाइल लहान होते" असं एजन्सी सांगेल. जॉब कार्डावरची पेन्सिलची नोंद आणि फिकट रबरी शिक्का काळ्या-पांढऱ्यात पहिल्यांदा जातात. जागेची काळजी नको. दीड लाख पानं प्रत्येकी अर्ध्या एमबीने धरली तरी ७५ जीबी होतात, ती कुठल्याही साध्या डिस्कवर मावतात.
मोठ्या ड्रॉइंगला ४०० डीपीआय. ए-झिरोची रुंदी ८४१ मिमी, म्हणजे ३३ इंचाला किंचित जास्त, तेव्हा ३६ इंची रोलर स्कॅनर पुरतो. पूर्ण रंगात ४०० डीपीआयला ए-झिरोची कच्ची इमेज ७४० एमबीच्या पुढे जाते, कॉम्प्युटर हांफतो. स्वच्छ ट्रेसिंग असेल तर तिथे मात्र काळं-पांढरं आणि ग्रुप फोर कॉम्प्रेशन, फाइल एखाद्या एमबीत बसते आणि एक ठिपकाही बदलत नाही.
अमोनिया प्रिंटला वेगळी युक्ती. रंगीत स्कॅन करा आणि त्यातलं फक्त लाल चॅनल ठेवा. निळी रेष लाल उजेड खाते म्हणून गडद दिसते, आणि पिवळा पडलेला कागद लाल उजेड परत फेकतो म्हणून पांढरा दिसतो. विटलेला प्रिंटही वाचण्याजोगा होतो. प्रिंट उजेडाने विटतात, तेव्हा पहिला नंबर त्यांचा लावा.

रिव्हिजन_शून्य
पिक्सेलराव, कॉम्प्रेशनचा विषय काढलाच आहे तर जेबिग-टू बद्दलही लिहा. ड्रॉइंगवाल्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

पिक्सेलराव
लिहितो. हे कॉम्प्रेशन पानावरचे एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके ओळखून एकच नमुना सगळीकडे चिकटवतं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं की एका ऑफिस कॉपियरवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, १७.४२ आणि २१.११ असताना स्कॅनमध्ये तिन्हीकडे १४.१३ आलं. ६ चे ८ झालेलेही सापडले. यात ओसीआरचा (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याचा) काही संबंध नव्हता, नुसतं स्कॅन होतं. आकडा धूसर दिसत नाही, अगदी स्वच्छ पण चुकीचा दिसतो, म्हणून नुसत्या नजरेने पकडता येत नाही.
तेव्हा एजन्सीच्या करारात एक ओळ घाला: लॉसी (माहिती गाळणारं) जेबिग-टू बंद, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) चालेल. आणि "हाय कॉम्प्रेशन पीडीएफ" असं बटण दिसलं तर हात मागे घ्या.

लेथमास्तर
शाफ्टच्या टॉलरन्सला (मापातल्या सुटीला) ०.०१६ चं ०.०१८ झालं तर काय होईल याचा विचारच नको. आणखी एक, स्कॅनवरून स्केल लावून माप कधीच काढू नका. जुना कागद आक्रसतो, रोलर स्कॅनर ओढण्याच्या दिशेने किंचित ताणतो. आडवं आणि उभं, दोन्हीकडचं एकेक ज्ञात माप तपासलं तरच कळतं. ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा प्रमाण.

हीटनंबर
ओसीआरची हवा फार असते, म्हणून थोडं. टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर मोफत आहे, मराठी छापील मजकूरही बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेलं मात्र त्याच्याकडून वाचून होत नाही, आणि आपल्याकडचा खरा ऐवज हातानेच लिहिलेला.
त्यात आपली खास भानगड म्हणजे आकडे. शॉपमध्ये एकाच कार्डावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात. मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक इंग्रजी नऊसारखा. मायक्रोमीटरचं रीडिंग २४.१ की २४.९, हे लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं. मशीन तर सोडाच, डेटा एंट्रीला बसलेली पोरंही इथेच चुकतात. तेव्हा नव्या फॉर्मवर मापाच्या रकान्यात चौकोन छापा आणि एकाच लिपीचे आकडे सक्तीचे करा. जुन्या कागदांची आतली मापं टाइप करायच्या भानगडीत पडू नका. फक्त चार गोष्टी नोंदवा: पार्ट नंबर, हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक), पुरवठादार, तारीख. शोधायला तेवढं पुरतं.
हीट नंबरमध्येही ओ आणि शून्य, बी आणि आठ, एस आणि पाच यांची गल्लत होते. प्रत्येक पुरवठादाराच्या नंबराचा साचा ठरलेला असतो, उदाहरणार्थ एक अक्षर आणि पाच आकडे. तो साचा फॉर्ममध्ये घातला की चुकीचा नंबर आत जातच नाही.

मिरज_जंक्शन
वाचतोय. छान धागा.

स्कॅनवाला_मामा
मी आपला हातकामाचं सांगतो बघा. ऑटो फीडर ४० पानं मिनिटाला म्हणतंय, पण वेळ जातोय पिना काढण्यात. स्टेपलर पिन आत गेली की काचेवर चरा पडतोय, आणि मग प्रत्येक पानावर वरपास्नं खालपर्यंत एक रेघ. रेघ दिसली तर आधी त्या अरुंद काचेची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. दहात नऊ वेळा धूळच असती.
कूलंटनं माखलेली जॉब कार्डं फीडरात घालू नका, रोलर घसरायला लागतंय आणि दोन पानं एकदम जात्यात. ती पारदर्शक कॅरिअर शीटात घालून टाका, नाहीतर फ्लॅटबेडवर. आणि स्कॅनर घेताना अल्ट्रासॉनिक डबल-फीड सेन्सर असलेलाच घ्या.
"कोरी पानं आपोआप वगळा" ही सोय बंद ठेवा. जॉब कार्डाच्या मागं पेन्सिलीनं "बोअर ओव्हर, ३ नग बाजूला" असं लिहिलेलं असतंय, मशीन त्याला कोरं समजतंय.

पिक्सेलराव
मामा लाख बोलले. त्याला जोडून: प्रत्येक गठ्ठ्यावर क्यूआर असलेलं एक मुखपृष्ठ ठेवा. त्यावर फाइल क्रमांक आणि हाताने मोजलेली पानं. स्कॅन झाल्यावर शीटची संख्या जुळली तरच गठ्ठा पुढे. आणि दर विसावं पान पूर्ण आकारात उघडून बघायचं, छोट्या चित्रावरून पास करायचं नाही.

ताळेबंद
काय किती वर्षं ठेवायचं हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं व्हाउचरसकट ८ आर्थिक वर्षं. वाहन उद्योगाचं काम असेल तर आयएटीएफ १६९४९ (या उद्योगाचं गुणवत्ता मानक) प्रमाणे पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं), टूलिंगचं रेकॉर्ड, पीओ वगैरे: पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकाने वेगळी मुदत दिली असेल तर ती.
म्हणजे काही फायली स्कॅन न करता मुदत बघून थेट काढता येतील. दीड लाखाचे लाखाच्या खाली येऊ शकतात.
कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला मान्यता देतो. पण कोर्टात दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं (१ जुलै २०२४ पासून, आधीचं ६५ब) आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) नोंदवायची असते. स्कॅन झालं त्याच दिवशी एसएचए-२५६ हॅशची यादी काढून ठेवली तर पुढे "ही फाइल मध्ये बदलली नाही" हे दाखवता येतं. करार आणि मूळ सहीचे दस्त स्कॅन झाले तरी फाडू नका.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. सगळे स्कॅनिंगवर तुटून पडलेत, पण मूळ प्रश्नाचा तिसरा भाग महत्त्वाचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: मंजुऱ्या आधी. जुना कागद कपाटात निजलेला आहे, तो कुणाचं नुकसान करत नाही. नुकसान होतं ते मशीनवर टांगलेल्या जुन्या रिव्हिजनच्या (ड्रॉइंगच्या आधीच्या आवृत्तीच्या) प्रिंटमुळे.
ड्रॉइंग बदलाचा प्रवास आधी कागदावर काढा. पाच अवस्था पुरतात: मसुदा, तपासणी, मंजूर, लागू, रद्द. प्रत्येक अवस्थेला तीन गोष्टी लिहा: कुणाकडे, किती तास, तो रजेवर असेल तर कुणाकडे. तिसरा रकाना रिकामा राहिला की अख्खी यंत्रणा गणपतीच्या सुट्टीत बसते.
'मंजूर' आणि 'लागू' मुद्दाम वेगळे ठेवलेत. मंजुरी मिळाली तेव्हा शॉपमध्ये जुन्या रिव्हिजनचा माल अर्धवट झालेला असतो. त्याचं काय करायचं (तसाच वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात) हे लिहिल्याशिवाय 'लागू'चं बटण चालू होता कामा नये. कुठल्या बॅचपासून किंवा हीटपासून लागू, तेही तिथेच. तयार सॉफ्टवेअर घेतलं तर बहुतेक वेळा हाच टप्पा त्यात नसतो.
डेव्हिएशनला नगांची मर्यादा आणि शेवटची तारीख, दोन्ही सक्तीचे. "पुढील आदेशापर्यंत" असा पर्यायच ठेवू नका, तो आदेश कधी येत नाही.
आणि 'परत पाठवा' म्हटलं की कारण लिहिणं बंधनकारक आणि कुठल्या टप्प्यावर परत, तेही. नाहीतर अर्ज दोन टेबलांमध्ये झोके घेत राहतो.

भडंग_स्पेशल
सरकारी काम आणि सहा महिने थांब, आता बटणासकट.

हीटनंबर
अजिंक्यतारा, बाकी पटलं. मुदत संपली की काय? खरेदीच्या छोट्या मागण्यांना २४ तासांनी आपोआप मंजुरी ठेवलेली बरी, नाहीतर इन्सर्टच्या (कापणाऱ्या टोकांच्या) डबीसाठी सीएनसी मशीन उभी राहते.

अजिंक्यतारा
खरेदीला ठराविक रकमेखाली चालेल. क्वालिटीच्या मंजुरीला कधीच नाही. तिथे मुदत संपली की वरच्या माणसाकडे जावं, आपोआप 'हो' होऊ नये. ऑडिटर पहिलं तेच बघतो, मंजुरीची वेळ रात्री २ वाजताची आणि मंजूर करणारा 'सिस्टम'.
ग्राहकाने ड्रॉइंग बदललं तर त्याची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत व्हावी असं आयएटीएफमध्ये आहे. म्हणून घड्याळ मेल आल्याच्या तारखेपासून लावा, कुणीतरी फॉर्म भरल्याच्या तारखेपासून नाही.

हीटनंबर
मान्य.

मोजमाप_पुस्तिका
थोडं अवांतर. बांधकाम खात्याच्या एमबीची (मेजरमेंट बुक, म्हणजे मोजमाप पुस्तिकेची) शिस्त जुनी आहे, पण सॉफ्टवेअरवाल्यांनी ती बघावी. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, नोंद शाईने, चूक झाली तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा आणि बाजूला आद्याक्षरी. खोडरबर नाही. तुमच्या फॉर्ममध्ये 'एडिट' दाबल्यावर जुना आकडा नाहीसा होत असेल तर ती व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीच्या वहीपेक्षा मागास आहे.

ताळेबंद
अवांतर कसलं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून हेच सक्तीचं आहे. प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह, आणि ती बंद करता येता कामा नये.

रिव्हिजन_शून्य
मशीनवरच्या जुन्या प्रिंटबद्दल. टॅब्लेट लावा असं कुणीतरी म्हणेलच. तेलकट हाताला टचस्क्रीन दाद देत नाही, हातमोज्याला तर नाहीच. प्रिंटच ठेवा, पण कोपऱ्यात क्यूआर. ऑपरेटरने मोबाइल लावला की हिरवं किंवा लाल पान उघडेल: हीच रिव्हिजन चालू आहे की नाही. क्यूआरमध्ये फक्त छोटा क्रमांक घाला, अख्खी माहिती कोंबली की ठिपके बारीक होतात. एरर करेक्शन 'एच' पातळीला ठेवलं तर साधारण ३० टक्के भाग डागाळला तरी वाचला जातो. आणि जिथे अंगठा धरतो किंवा जिथे टांगायला भोक पाडतात, तिथे तो छापू नका.
फाइलच्या नावाचाही नियम आजच ठरवा. पार्ट नंबर, शीट, रिव्हिजन, बस्स. रिव्हिजन दोन आकडी (०२, १०), नाहीतर यादीत दहा दोनच्या आधी येतो. पार्ट नंबरमध्ये तिरकी रेघ असेल तर विंडोज ती घेत नाही, सगळीकडे आडवी रेघ लावा. फोल्डरात फोल्डर करत गेलात तर २६० अक्षरांची मर्यादा लागते आणि बॅकअपमध्ये नेमक्या त्याच फायली गुपचूप गळतात. 'फायनल', 'लेटेस्ट', 'साहेबांचं' हे शब्द फाइलच्या नावात वर्ज्य.

कृष्णाकाठ
बॅकअपवरून: दोन डिस्कवर एकच माल म्हणजे रेड (RAID), तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे खरंच बाहेर, सांगलीची प्रत हरिपूरला ठेवून उपयोग नाही, पाणी दोन्हीकडे एकच. आणि एक डिस्क कायम वायर काढलेली असू द्या, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेल्या डिस्कलाच धरतं.

कुपवाडी_गेज
सगळ्यांचे आभार. दहा फायली तोलल्या, निव्वळ कागद २३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे फाइलमागे जवळजवळ ५०० पानं आणि एकूण पावणेदोन लाख. मुदत संपलेल्या वेगळ्या काढायला घेतल्यात. क्रम असा धरतोय: पहिल्या महिन्यात ड्रॉइंग बदलाच्या पाच अवस्था आणि मशीनवरच्या प्रिंटला क्यूआर. त्याच वेळी अमोनिया प्रिंट बाहेरून ४०० डीपीआयला रंगीत. नवे टेस्ट सर्टिफिकेट आजपासून माल आत घेतानाच पीडीएफमध्ये, चार रकान्यांसह. जुनी जॉब कार्डं सर्वात शेवटी, आणि तीही चालू पार्टची तेवढीच.
एक राहिलं. मुदत संपलेली रद्दी कशी काढायची?

लेथमास्तर
क्रम बरोबर आहे. फक्त क्यूआरच्या आधी एक फेरी मारा आणि शॉपमधले टूलबॉक्स उघडून त्यातल्या खासगी झेरॉक्स गोळा करा. जुनी रिव्हिजन भिंतीवर नसते, टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते.
रद्दीचं: ड्रॉइंग आणि पीओ श्रेडरमधूनच, आणि काय फाडलं त्याची यादी सहीसकट ठेवा. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो. रद्दीवाल्याला किलोवर दिलं तर उद्या ते ड्रॉइंग भडंगाच्या पुडीवर दिसायचं.

भडंग_स्पेशल
आक्षेप. भडंग आता पाकिटातून येतं. पुडीत येतात ते शेंगदाणे.